दादांचा चेहरा रुंद का झाला?



मागच्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एका भगिनीचे पत्र वेगळे होते. सुट्टीत त्यांच्या घरी आखातातली भावंडे येणार आहेत, सगळे कुटुंब बऱ्याच वर्षांनी एकत्र जमणार आहे. म्हणून त्यांनी घरातल्या बुजुर्गांच्या जुन्या फोटोंची दहा मिनिटांची फिल्म मोबाइलवर करायला घेतली. सासरे मरहूम. आयुष्यभरात त्यांचा एकच फोटो निघालेला, हजच्या पासपोर्टासाठी. तो अॅपमध्ये टाकला, दोन्ही बाजूंना काळी जागा राहिली, ती बरी दिसेना म्हणून फोटो पडदाभर ओढून बसवला. थोरल्या नणंदबाईंनी पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "ये अब्बा नहीं हैं."

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला वाटते की फोटोच खराब आहे, तो "साफ" करणारे एखादे अॅप सांगा. फोटो खराब नाही. चेहरा ओढला गेला आहे, आणि तो पाच मिनिटांत जागेवर येतो. पण नणंदबाईंचे म्हणणे मला मोलाचे वाटते. त्यांनी वडिलांना पाहिले होते म्हणून त्यांना कळले. नातवंडांना कोण सांगणार? ही फिल्म कुटुंबाच्या ग्रुपवर जाईल, तिथून पन्नास मोबाइलमध्ये जाईल, आणि मूळ पासपोर्ट कपाटात राहील. मग तो फुगलेल्या गालांचा अनोळखी माणूसच त्या मुलांचा दादा ठरेल.

फोटो घरात ठेवावेत की नाही याबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत, आणि तो या सदराचा विषय नाही. पण त्या परहेजामुळेच आपल्या अनेक घरांत बुजुर्गांचा फोटो म्हणजे सरकारी कागदासाठी काढलेला तेवढा एक. १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्द्याला हजयात्रेकरूंचे जहाज जात असे. त्या काळात हज केलेल्या कितीतरी माणसांचा चेहरा आज फक्त पासपोर्टावर उरला आहे. एकच असेल तर तो नीट जपायला हवा.

आता मूळ गोष्ट. प्रत्येक चित्राच्या रुंदीचे आणि उंचीचे एक गुणोत्तर असते. शाळेत शिकलो तेच गुणोत्तर, वेगळे काही नाही. आजचे टीव्ही, लॅपटॉपवरचा व्हिडिओ, हॉलमधला मोठा पडदा हे १६:९ असतात, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९. मोबाइलने काढलेला फोटो बहुधा ४:३ असतो, उभा धरला तर ३:४. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची फ्रेम ३६ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३:२, आणि चार बाय सहा इंचांची प्रिंटही त्याच मापाची. पासपोर्टाचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ७:९, उभा. हे सगळे वेगवेगळ्या आकाराचे कागद तुम्ही एका १६:९ च्या चौकटीत बसवायला जाता. आकार जुळत नाहीत, जुळणारही नाहीत.

तेव्हा अॅपपुढे तीनच वाटा असतात. पहिली, फोटो पूर्ण दाखवायचा आणि उरलेली जागा मोकळी सोडायची. याला बहुतेक अॅपमध्ये 'फिट' म्हणतात. दुसरी, चौकट पूर्ण भरायची आणि फोटोचा बाहेर जाणारा भाग कापायचा, हे 'फिल'. तिसरी, फोटो रबरासारखा ओढून चौकटीच्या चारही कोपऱ्यांना टेकवायचा, हे 'स्ट्रेच'. शॉटकटमध्ये याच तिसऱ्या प्रकाराचे नाव 'डिस्टॉर्ट' आहे, म्हणजे विद्रूप करणे. नाव प्रामाणिक आहे. माणसाच्या फोटोसाठी तिसरी वाट कधीही घेऊ नका. मी "शक्यतो" म्हणत नाही, कधीही.

पहिल्या दोनमधले कोणते घ्यायचे हे फोटो पाहून ठरवा. आकडे समोर ठेवतो. तुमची फिल्म १९२० बाय १०८० ठिपक्यांची आहे असे धरा. मोबाइलचा आडवा ४:३ फोटो 'फिट' केला तर तो १४४० ठिपके रुंद बसतो, दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांची पट्टी राहते. हाच 'फिल' केला तर वरून १८० आणि खालून १८० ठिपके कापले जातात, म्हणजे पाव फोटो गेला. निसर्गाचा, मस्जिदच्या आवाराचा, घराच्या अंगणाचा फोटो असेल तर आकाश आणि जमीन थोडी गेली तरी चालते. पण घरच्या निकाहचा ग्रुप फोटो असेल तर मागच्या रांगेतल्या मामूंची टोपी जाते आणि पुढे बसलेली मुले जातात. उभा ३:४ फोटो 'फिल' केला तर जेमतेम ४२ टक्के भाग पडद्यावर उरतो. बहुतेक वेळा कपाळ ते हनुवटी.

म्हणून माझा कौल सरळ आहे: माणसे असतील तर 'फिट', आणि बाजूची जागा मोकळी राहू द्या. ती मोकळी जागा हा दोष नाही. घरातली चांगली फ्रेम आठवा, फोटोभोवती पांढऱ्या कागदाची पट्टी सोडलेली असते. त्या पट्टीमुळे नजर फोटोवर जाते. काळी पट्टी उदास वाटत असेल तर फिकट खाकी, मेंदीचा गडद हिरवा, जुन्या कागदासारखा पिवळट असा एखादा साधा रंग घ्या आणि पूर्ण फिल्मभर तोच ठेवा. हल्ली बऱ्याच अॅपमध्ये त्याच फोटोची मोठी, धूसर प्रत मागे पसरवण्याची सोय असते. मोबाइलवर ती चालून जाते. हॉलच्या पडद्यावर मात्र दादांच्या मागे दादांचेच एक प्रचंड धूसर तोंड दिसते, आणि लोक तिकडेच बघत राहतात. मला ते आवडत नाही.

उभ्या फोटोंसाठी एक सोपी युक्ती आहे, जोडीने दाखवा. पत्रातल्या घरात सासूबाईंचाही तसाच पासपोर्टाचा फोटो आहे. ७:९ चा फोटो १०८० उंच केला की ८४० रुंद होतो. असे दोन शेजारी ठेवले की १६८० होतात. उरलेल्या २४० ठिपक्यांचे तीन सारखे भाग करा: डावीकडे ८०, मध्ये ८०, उजवीकडे ८०. ओढाताण नाही, काटछाट नाही, पडदा भरलेला. मियाँ-बीवींचा एकत्र फोटो कधी निघाला नसेल, तरी मुलांना ते शेजारी शेजारी दिसतील.

ग्रुप फोटो मोठा असेल तर आणखी एक मार्ग आहे. फोटो 'फिल' करून थांबवू नका, त्याला सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे सरकवा. रुंद फोटो डावीकडून उजवीकडे, उंच फोटो वरून खाली. आठ-दहा सेकंदांत सगळे चेहरे येऊन जातात. फक्त फोटो पुरेसा मोठा हवा. व्हॉट्सअॅपवरून पाचव्यांदा फिरून आलेला फोटो असा मोठा केला की नाक-डोळे विरघळतात.

आता अॅपमध्ये हे नेमके कुठे सापडते ते सांगतो. मोबाइलच्या अॅपमध्ये आधी 'कॅनव्हास' किंवा 'रेशो' असे बटण शोधा आणि फोटो टाकण्यापूर्वीच १६:९ निवडा. मग फोटो मोठा-लहान करताना फक्त कोपरा धरून ओढा, बाजूच्या मधल्या खुणेला हात लावू नका. कोपऱ्याने ओढले की बहुतेक अॅपमध्ये रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात वाढते, बाजूने ओढले की एकच वाढते. संगणकावर दाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये 'इमेज स्केलिंग' उघडा. तिथे वेगळ्या मापाच्या फाइलींचे काय करायचे याचे पर्याय आहेत. त्यातला पूर्ण चित्र बसवणारा निवडा, कोपऱ्यांपर्यंत ओढणारा नको. प्रीमियरमध्ये क्लिपच्या 'मोशन' भागात 'युनिफॉर्म स्केल' अशी चौकट असते. तिथली खूण काढली गेली असेल तर रुंदी आणि उंची वेगवेगळी पळते. पुष्कळांच्या ताणलेल्या फोटोंचे मूळ त्या एका खुणेत असते.

थोडे थांबून एक तपासणी मात्र आधी करा. कित्येकदा फाइल ठीक असते आणि बिघाड पडद्याचा असतो. टीव्हीच्या रिमोटवर 'वाइड', 'झूम', '४:३', 'ओरिजिनल' असे पर्याय असतात. कुणीतरी जुना ४:३ चा कार्यक्रम पडदाभर दिसावा म्हणून 'वाइड' करून ठेवलेले असते आणि मग घरात सगळेच जाड दिसतात. हॉलच्या प्रोजेक्टरचेही तसेच. ओळखायचे कसे? फिल्म आधी लॅपटॉपवर पाहा, मग टीव्हीवर. लॅपटॉपवर चेहरा बरोबर आणि टीव्हीवर रुंद, तर रिमोट हातात घ्या, फिल्मला हात लावू नका. व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालू व्हिडिओवर 'ए' हे अक्षर दाबत गेले की वेगवेगळी गुणोत्तरे दिसत जातात, तपासायला सोयीचे. पण त्याने फक्त दिसणे बदलते, फाइल तशीच राहते.

आणि चेहरा बरोबर आहे की नाही, हे ज्याने त्या माणसाला पाहिलेच नाही त्याने कसे ठरवावे? चेहऱ्याकडे बघू नका, गोल वस्तू शोधा. भिंतीवरचे घड्याळ, दस्तरखानावरची थाळी, सायकलचे चाक. गोल वस्तू समोरून घेतलेली असेल आणि अंड्यासारखी दिसत असेल तर चित्र ओढलेले आहे. पासपोर्टाच्या फोटोत घड्याळ कुठून येणार? पण जुन्या कागदपत्रांत फोटोच्या कोपऱ्यावर कचेरीचा गोल शिक्का पडलेला असतो. त्याचा पाव भाग दिसत असला तरी पुरे, त्यावरून गोलाई कळते. शिक्काही नसेल तर सरळ पट्टी घ्या आणि मूळ फोटोची रुंदी-उंची मोजा.

उमराहच्या फिल्ममध्ये तर काबा शरीफच तपासणीला पुरते. त्याची उंची सुमारे १३ मीटर, आणि बाजू साधारण ११ ते १३ मीटर. उर्दू माध्यमाच्या गणितात घनाला 'मुकअब' म्हणतात, तो शब्द 'काबा'च्याच मुळातून आला आहे. तरीही हाजी साहेबांच्या स्वागताच्या फिल्ममध्ये बैठ्या, लांबलचक पेटीसारखा दिसणारा काबा मी कितीतरी वेळा पाहिला आहे. कुणी काही बोलत नाही. मला वाटते, डोळ्यांना त्याची सवय होत चालली आहे, आणि ते मला जास्त खटकते.

समजा मूळ फोटो आता हाताशी नाही, ओढलेलीच प्रत उरली आहे. घाबरू नका. कापलेला भाग परत येत नाही, पण ओढलेला चेहरा परत येतो, थोडी सफाई कमी होते इतकेच. मूळ माप कोणते होते हे कळले पाहिजे. पडदाभर १६:९ मध्ये ओढलेले मूळ चित्र ४:३ असेल तर उंचीला हात न लावता रुंदी ७५ टक्के करा. ३:२ ची जुनी आडवी प्रिंट असेल तर ८४.४ टक्के. मोबाइलचा उभा ३:४ असेल तर ४२.२ टक्के. पासपोर्टाचा ७:९ असेल तर ४३.७५ टक्के. यातले सगळे आकडे एकाच हिशेबाचे आहेत: मूळ गुणोत्तर भागिले १६:९. मोबाइलच्या व्हिडिओ अॅपमध्ये रुंदी वेगळी बदलता येत नसेल तर त्या दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या, आजूबाजूची पट्टी कापून टाका आणि फोटोच्या अॅपमधल्या 'रिसाइझ'मध्ये जा. तिथले कुलूप उघडा, रुंदी १९२० च्या जागी ८४० लिहा, उंची १०८० ठेवा. पत्रातल्या भगिनीला तर याचीही गरज नाही, पासपोर्ट घरातच आहे.

तो फोटो नव्याने घेताना मात्र मोबाइल कागदाला अगदी समांतर धरा. मोबाइल तिरका झाला की फोटो वर अरुंद, खाली रुंद येतो. कागद स्कॅन करणारी अॅप हा तिरकेपणा सरळ करतात खरी, पण करताना कधी कधी रुंदी-उंचीचे प्रमाण आपल्या मनाने ठरवतात. म्हणून शेवटी पट्टीने मोजलेल्या मापाशी ताडून पाहा. फार जवळूनही घेऊ नका. हातभर अंतर ठेवून थोडे झूम केलेले बरे. ग्रुप फोटोत कडेला उभी राहिलेली माणसे जाड दिसतात, ती मात्र रुंद भिंगाची करामत असते. ती एडिटिंगमध्ये पूर्ण सुधारत नाही, फोटो काढतानाच दोन पावले मागे जावे लागते.

आता लग्नाच्या कॅसेटी. १९९० च्या आसपासचे निकाह आपल्याकडे व्हीएचएसवर आहेत, आणि अनेकांनी ते स्टुडिओत देऊन डीव्हीडी करून घेतल्या. इथे गोंधळ थोडा वेगळा आहे. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते. ७२० ला ५७६ ने भागा: १.२५. ४:३ म्हणजे १.३३, आणि १६:९ म्हणजे १.७८. १.२५ यातले काहीच नाही! कारण त्या व्हिडिओचे ठिपके चौकोनी नसून किंचित आडवे धरलेले असतात, आणि चित्र किती रुंद करून दाखवायचे याची सूचना फाइलमध्ये लिहिलेली असते. प्लेअर ती सूचना वाचतो, म्हणून डीव्हीडी टीव्हीवर ठीक दिसते. पण तीच फाइल कुठल्याशा कन्व्हर्टरमधून काढली आणि सूचना वाटेत गळाली, की नवरा-नवरी थोडे काटकुळे होतात. मग कुणीतरी ते पडदाभर ओढतो आणि सगळी बारात लठ्ठ होते. असे दोनदा बिघडलेले व्हिडिओ मी पाहिले आहेत.

यावर उपाय ओढण्याचा नाही, सूचना परत लिहिण्याचा आहे. प्रीमियरमध्ये 'इंटरप्रेट फुटेज' आणि रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप अॅट्रिब्यूट्स' या ठिकाणी 'पिक्सेल आस्पेक्ट रेशो' असतो. तिथे पाल, ४:३ निवडा. त्या मेनूत शिरायचे नसेल तर ७२० बाय ५७६ च्या फाइलची रुंदी ७६८ करा, उंची तशीच. आणि मग १६:९ च्या फिल्ममध्ये ती 'फिट'वर ठेवा, बाजूच्या पट्ट्यांसकट. तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ चौकोनी दिसला तर बिघडत नाही, तो तसाच होता. डीव्हीडी करून देणाऱ्याला आधीच सांगा, "पडदा भरू नका, ४:३ ठेवा." न सांगितल्यास काही जण ग्राहकाला बरे वाटावे म्हणून भरून देतात.

उर्दूचा मास्तर म्हणून एक तक्रार इथेच मांडतो. निमंत्रणपत्रिकेवरचा बिस्मिल्लाह किंवा नस्तालीकमधली नावे चित्र म्हणून फिल्ममध्ये टाकतात आणि आडवी ओढतात. दहाव्या शतकात बगदादमध्ये वजीर असलेल्या इब्न मुक़्लाच्या नावावर अक्षरांची जी मोजणी आहे, ती कलमाच्या नुक्त्यावर उभी आहे. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, हे ठरलेले. नस्तालीकमध्ये तो तीन नुक्ते. कातिब अक्षर लांबवतो, त्याला 'कशिश' म्हणतात, पण लांबवताना कलमाची जाडी तीच राहते. चित्र ओढल्यावर तसे होत नाही. उभा अलिफ जाड होतो आणि नुक्ता दाबलेल्या पतंगासारखा चपटा. तेव्हा लिखाणासाठी गोल वस्तू शोधायची गरज नाही, नुक्ता पाहा. तो चपटा दिसला तर चित्र परत लहान करून 'फिट'वर बसवा.

शेवटचा प्रश्न त्याच पत्रातला: हीच फिल्म स्टेटसवर लावायची आहे, ती उभी कशी करायची? तयार आडवी फिल्म उभ्या चौकटीत कोंबू नका, तिथे परत ओढाताण सुरू होते. अॅपमध्ये त्याच प्रोजेक्टची दुसरी प्रत करा, कॅनव्हास ९:१६ करा आणि फोटो नव्याने बसवा. दादा-दादींची जोडी इथे शेजारी मावणार नाही, एकाखाली एक ठेवा. १०८० बाय १९२० च्या चौकटीत प्रत्येक फोटो ७०० रुंद, ९०० उंच करा. वर, मध्ये आणि खाली चाळीस-चाळीस ठिपके उरतील. बाजूंना १९०. नावे लिहायची असतील तर त्या बाजूच्या जागेत लिहा, चेहऱ्यावर नको. आणि ग्रुपवर पाठवण्यापूर्वी एकदा थोरल्या नणंदबाईंना दाखवा.